आप्पांना काय पाठवू?

॥ श्री ॥

ओसाका,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नकोस. मी अगदी बरी आहे. रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. पण आपण बोलतो तेव्हा आप्पा तिथेच झोपाळ्यावर असतात, आणि हे सगळं त्यांच्याविषयीच आहे. तू फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलीस की ते लगेच विचारतात, "काय लपवताय माझ्यापासून?" म्हणून कागदावर लिहिते आहे. वाचून झालं की फडताळात डाळीच्या डब्यामागे ठेवून दे. बाबांना दाखव. बाळ्याला जेवढं हवं तेवढं मी कळवलं आहे.

आधी तुझ्या काळज्या, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. फराळ मिळाला. चकल्या थोड्या मोडल्या होत्या, पण चवीला काही झालं नव्हतं. मी बारीक झालेली नाही, फोनचा कॅमेरा खिडकीकडे असला की चेहरा तसा दिसतो. रात्री उशीर होतो तो आठवड्यातून दोनदाच, आणि इथे रात्री दहालाही मुली एकट्या सायकलवरून घरी जातात. भूकंपाचं तर तू आता मनातून काढूनच टाक. १ जानेवारी २०२४ ला नोतोला मोठा भूकंप झाला तेव्हा इथे नुसते दिवे हलले होते. दाराजवळ माझी पिशवी भरलेली असते, पाणी, बॅटरी, कोरडं खाणं, शिट्टी. ऑफिसात टेबलाखाली हेल्मेट आहे. आप्पांनी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिला आहे, पहाटे अंथरुणातून उठून सगळे अंगणात पळाले होते, आणि त्यांच्याजवळ यातलं काहीच नव्हतं. मी त्यांच्यापेक्षा जास्त तयारीत आहे.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात तू म्हणालीस, "सहस्रचंद्रदर्शनाला तू काय देणार ते ठरव बाई, सगळ्यांचं ठरलं." आणि मागोमाग म्हणालीस, "पण त्यांच्याकडे आहे काय नाही?" तेव्हापासून मी त्यातच अडकले आहे. अमेरिकेच्या काकांनी दिलेलं पाठ दाबायचं यंत्र खोक्यात आहे. आत्यानं दिलेल्या आरामखुर्चीवर इस्त्रीचे कपडे असतात, आप्पा बसतात ते झोपाळ्यावरच. तीन शाली घडी न मोडलेल्या. मोठ्या टीव्हीवर ते सातच्या बातम्या बघतात आणि बंद करतात. विचारलं की एकच उत्तर, "मला काही नको, तुम्ही या सगळे." आणि त्यातलं नेमकं तेवढंच मला जमत नाहीये.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत मी पाठवलेली पाय शेकायची गादी आठवते ना? थंडीत त्यांचे पाय दुखतात म्हणून एका शनिवारी तीन दुकानं फिरून मी ती घेतली होती. इथली वीज १०० व्होल्टची आणि आपली २३०. पिनेचा जोड मी आठवणीनं पाठवला, पण व्होल्टेज ध्यानातच आलं नाही. तुम्ही सगळे मला फोनवर सांगत होता की छान चालते आहे. मग मे महिन्यात बाळ्यानं आप्पांच्या रोजनिशीच्या एका पानाचा फोटो पाठवला. त्यानं दुसऱ्याच कशासाठी पाठवला होता, त्या दिवशीच्या पावसाची नोंद दाखवायला, पण शेजारचं पानही त्यात आलं होतं. त्यावर मागच्या तारखेची आठवण म्हणून आप्पांनी लिहिलं होतं, "पाय शेकायचे यंत्र पहिल्याच दिवशी जळाले. मुलीस कळवू नये."

आई, ते निळं अक्षर मी किती वेळा मोठं करून पाहिलं असेल. तुम्ही का सांगितलं नाहीत म्हणून मला राग आला नाही. मला वाटलं, मी तिथे नाही ती जागा भरायला एकेक खोकं पाठवते आहे, आणि ते खोकं सांभाळायचं काम मात्र तुम्हाला लावते आहे.

इथे लोक भेटी कशा देतात हे मला तुला नीट सांगायचं आहे. फोनवर दोनदा प्रयत्न केला, पण "म्हणजे परत करतात?" एवढ्यावरच तू अडलीस. परत करत नाहीत. ऐक.

तू मला पाच हजार येनची भेट दिलीस, तर मी महिन्याभरात तुला साधारण अडीच हजारांची वस्तू पाठवायची. म्हणजे अर्धी. पूर्ण किमतीची पाठवली तर 'तुमचे उपकार नकोत' असा अर्थ होतो, आणि काहीच पाठवलं नाही तर माणुसकी नाही असा. आमच्या विभागातल्या एका मुलीला बाळ झालं तेव्हा मी बाळासाठी पांघरूण दिलं होतं. तीन आठवड्यांनी माझ्या टेबलावर खोकं, आत दोन टॉवेल आणि एक केक, वर बाळाचं नाव छापलेला कागद. मला वाटलं, माझं पांघरूण आवडलं नाही म्हणून फेड केली. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. मग शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर बाईंनी समजावलं की याला उचिइवाई म्हणतात, आमच्या घरात आनंद झाला आहे, त्यातला थोडा तुमच्या घरी, असा त्याचा भाव. आपल्याकडच्या परतीच्या आहेरासारखंच म्हण ना. फक्त आपण मानपानाचा हिशेब मनात ठेवतो आणि वर्षानुवर्षं बोलून दाखवतो, हे लोक तो महिन्याच्या आत मिटवून मोकळे होतात.

मग वर्षातून दोन ठरलेल्या भेटी. उन्हाळ्यात ओचुगेन आणि डिसेंबरात ओसेइबो. वरिष्ठांना, शिक्षकांना, ज्यांनी वर्षभर आपल्यासाठी काही केलं त्यांना. आता या माणसांकडे सगळंच असतं. तर त्यांना काय देतात, सांग बघू? तेल. साबण. शेवयांसारख्या बारीक नूडल्स. चहा, फळं, बिअर. पहिल्यांदा दुकानात तेलाच्या बाटल्या रेशमी कापडावर मांडलेल्या पाहिल्या तेव्हा मला कळेना, की साहेबांना कुणी गोडं तेल कसं देतं? याला त्यांच्यात शब्दच आहे, किएमोनो. नाहीशी होणारी वस्तू. घरात जाते, वापरली जाते, संपते. मुद्दाम अशीच द्यायची, म्हणजे घेणाऱ्याला ती कुठे ठेवू असा प्रश्न पडत नाही.

वेष्टनाचंही सांगते. दुकानातल्या बाई आधी विचारतात, भेट कशासाठी? कारण गाठ त्यावर ठरते. खोक्यावर तांबड्या-पांढऱ्या दोऱ्याची गाठ असते. वाढदिवस, बाळाचं बारसं असं पुन्हा पुन्हा यावंसं वाटणारं काही असेल तर सुरगाठ, ओढली की सुटणारी. लग्न असेल किंवा आजारातून उठलेलं माणूस असेल तर निरगाठ, ते पुन्हा येऊ नये म्हणून. दुःखाच्या प्रसंगाला दोऱ्याचा रंगही बदलतो. चार आणि नऊ हे आकडे टाळायचे, एकाचा उच्चार मरणासारखा आणि दुसऱ्याचा यातनेसारखा. लग्नात तीस हजार येन देतात, कारण तीनचे दोन सारखे भाग होत नाहीत. आपण नाही का पाचशे एक देत? हे सांगितल्यावर त्या वयस्कर बाई मला म्हणाल्या, "मग तुला आम्ही काय शिकवायचं?" देताना मात्र "काही विशेष नाही हो" असंच म्हणायचं, आणि घेणाऱ्यानं समोर उघडायचं नाही. त्या बाईंनी खोकं कागदावर तिरकं ठेवलं, एक कोपरा उचलला, खोकं चार वेळा फिरवलं, आणि कागद जणू आपला आपणच घडीत जाऊन बसला. शेवटी एकच चिकटपट्टी. मी अजून घरी जुन्या वर्तमानपत्रावर सराव करते, मला जमत नाही.

एवढं सगळं मी शिकले ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींमुळे. त्यांना सप्टेंबरात ८८ वर्षं झाली. इथे ६० ला कानरेकी करतात, तांबडं बिनबाह्यांचं जाकीट घालून, आपली षष्ट्यब्दी म्हण. ७७ चं वेगळं, आणि ८८ ला बेइजू. त्यांच्या लिपीत आठ, दहा, आठ ही अक्षरं एकत्र केली की तांदूळ हे अक्षर होतं, म्हणून ते तांदळाचं वर्ष. आपण पौर्णिमा मोजतो, हे अक्षरं मोजतात. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे माणसानं हजार पूर्णचंद्र पाहिले की सोहळा करतात. त्यांनी लगेच कागद घेतला आणि २९.५३ ला हजारानं गुणलं, वर्षं काढली, ऐंशी वर्षं आणि दहा महिने. "म्हणजे माझे होऊन गेले की!" असं म्हणून त्या खूप वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांचे किती चंद्र कुणाबरोबर पाहून झाले, त्या मोजत असाव्यात. मी विचारलं नाही.

तर त्यांना काय द्यायचं? एकट्या राहतात, दोन खोल्यांत सगळं आहे, आणि मुलांना त्यांनी सांगून ठेवलं आहे की वस्तू आता पुरे. मी कोबेहून भारतीय दुकानातलं बेसन आणलं आणि लाडू केले. तुझ्यासारखे झाले नाहीत, बेसन एक वाफ कमी भाजलं गेलं, पण तूप चांगलं होतं. आठ लाडू, कारण आठ हा इथे शुभ आकडा. स्टीलच्या त्या लहान डब्यात घालून दिले, तू दिलेल्या, ज्याच्या झाकणावर आजीचं नाव कोरलेलं आहे. दहाव्या दिवशी डबा परत आला. रिकामा नाही, आई! आत साखरेत मुरवलेले चेस्टनट होते. रिकामा डबा परत देऊ नये हे त्यांनाही त्यांच्या आईनंच शिकवलेलं. आणि त्या म्हणाल्या, "रोज दुपारी चहाबरोबर एक खाल्ला. नवव्या दिवशी चहा केला आणि आठवलं, की संपले."

मला त्या वाक्यानं फार बरं वाटलं. मी पाठवलेल्या कुठल्याही यंत्राची नवव्या दिवशी कुणाला अशी आठवण आलेली नाही.

पण मग तो डबा हातात धरून मी बराच वेळ उभी होते. झाकणावर आजीचं नाव आणि १९६८. आपल्याकडे भांड्याच्या दुकानात तो माणूस यंत्राची सुई टर्रर्र करत नाव घालतो, आणि देणारी माणसं गेली तरी भांडी राहतात. आप्पा ज्या फुलपात्रातून पाणी पितात त्यावर आजीच्या भावाचं नाव आहे, आजी गेल्यापासून त्यांनी दुसऱ्या भांड्यातून पाणी प्यायलेलं मी पाहिलेलं नाही. ते फुलपात्र कुणी नाहीशी होणारी वस्तू म्हणून दिलेलं नव्हतं. तेव्हा टिकणाऱ्या वस्तू वाईट असं मी म्हणत नाही, मला ते पटतही नाही. ते फुलपात्र रोज वापरात आहे, एवढंच. कपाटातली तीन घड्याळं आणि तो लेमन सेट वापरात नाही. तुझे ब्लाउजपीस तर या ओटीतून त्या ओटीत फिरून पुन्हा आपल्याच घरी येतात.

म्हणून मी असं शोधायला लागले, की आप्पा रोज काय वापरतात आणि काय संपतं. यादी फार लहान निघाली. दाढीचा साबण, तंबाखू नाही, देवाला वात, आणि शाई.

शाई, आई! आपल्या डोळ्यांसमोर होती. दर रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून, ड्रॉपरनं ते काळं एबोनाइटचं पेन भरतात, बोटाला लागलेली शाई आधी कागदाला आणि मग केसांना पुसतात, तू ओरडतेस. १९६५ मध्ये शाळेत लागले तेव्हापासून शाईचंच पेन. लहानपणी मला वाटायचं, कॅमलची ती बाटली म्हणजे आप्पांचं औषध आहे. तुला गंमत सांगते, ज्या कॅम्लिनची ती शाई, जी दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केली, तिच्यात २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीनं मोठा हिस्सा घेतला, आणि त्या कोकुयोची मुख्य कचेरी इथे ओसाकातच आहे. मी हे वाचलं तेव्हा मला उगाचच वाटलं, की मी काही फार लांब आलेली नाही.

या वर्षी इथला चंद्र बघायचा सण, त्सुकिमी, आणि आपली कोजागरी एकाच दिवशी आली, ६ ऑक्टोबरला. खालच्या आजींनी तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे आणि गवताचे तुरे मांडले होते, मी मसाला दूध केलं. आम्ही दोघी त्यांच्या गॅलरीत बसलो. ढग होते, पण मधे मधे चंद्र दिसत होता. तेव्हा मनात आलं, हाच आप्पांच्या हजारातला एक. त्या आठवड्यात मी स्टेशनरीच्या दुकानात गेले. पायलट कंपनीची इरोशिझुकु नावाची शाई आहे, इरो म्हणजे रंग, शिझुकु म्हणजे थेंब. प्रत्येक रंगाला जपानी निसर्गातलं नाव. एकीचं नाव त्सुकि-यो. चांदणी रात्र. काळी नाही, निळी नाही, रात्री नऊच्या सुमाराला कृष्णेचं पाणी घाटावरून दिसतं ना, थोडी हिरवट झाक असलेलं, तसा रंग. दुकानात काचेच्या लेखणीनं लिहून बघायला देतात. मी आप्पांचं नाव लिहिलं. देवनागरीत. दुकानदार मुलगी म्हणाली, "वर दोरी ओढल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, त्या दोरीवरच आमची सगळी अक्षरं वाळत घातलेली असतात.

घेतली आहे. ५० मिलिलिटरची जाड काचेची बाटली, तळाशी खोलगट, म्हणजे शेवटचा थेंबही पेनात यावा. दर रविवारी दोन मिलिलिटर धरले तर पंचवीस रविवार. कार्यक्रम १४ डिसेंबरला, रविवारीच आहे. त्या दिवशी पहिल्यांदा भरलं तर ३१ मेला शेवटचं, आणि मृग लागेपर्यंत पुरते. हे मी कॅलेंडर पुढे घेऊन मोजलं आहे. का मोजलं, ते खाली लिहिते.

तुलेचं तू विचारलं होतंस, गुळाची की वह्यांची. माझं मत वह्यांचं. आप्पा ५४ किलो, तेवढ्या वजनाच्या वह्या त्यांच्याच शाळेतल्या मुलांना. गूळ वाटला तरी चालेल, पण वह्या वाटल्या तर आप्पा स्वतः वाटायला जातील आणि दोन मुलांचं अक्षर तपासून येतील. वह्यांचे पैसे माझे. यावर बाबांनी वाद घालायचा नाही.

आता येण्याबद्दल. मला डिसेंबरात जमत नाही, आई. मी खरंच प्रयत्न केला. आमच्या कारखान्यात नवी लाइन सुरू होते आहे आणि तिच्यासाठी पुण्याहून सात माणसं १ डिसेंबरला येतात, ती २३ पर्यंत आहेत. त्यांचं बोलणं जपानीत आणि इथलं त्यांना समजावून सांगणारी मी एकटीच आहे. साहेबांना विचारलं तर त्यांनी नाही म्हटलं नाही, नुसता श्वास आत ओढून "अवघड आहे" म्हणाले. इथे त्याचा अर्थ नाही असाच होतो. मी जोर धरला असता तर कदाचित मिळाली असती रजा, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पण मार्चमध्ये माझ्या कराराचं नूतनीकरण आहे. बाहेरची मंडळी म्हणतील की नात परदेशात बसून आजोबांच्या कार्यक्रमाला आली नाही. म्हणू देत. तू त्यांना कारणं सांगत बसू नकोस, तुझा चेहरा उतरतो. ८१ दिव्यांनी ओवाळाल तेव्हा बाळ्याला म्हणावं, फोन आप्पांच्या समोर नको, बाजूला धर, म्हणजे त्यांना माझ्याकडे बघायला मान वळवावी लागणार नाही. मी इथे दुपारच्या सुट्टीत बघेन, इथे साडेतीन तास पुढे असतं, तुमचे नऊ म्हणजे माझे साडेबारा. रविवार असला तरी त्या दिवशी मला कामावर जायचं आहे.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात येते. तिकीट काढलं आहे, पोकळ नाही बोलत. ६ जूनला रात्री मुंबई, ७ ला सकाळी घरी. शाई संपेपर्यंत. म्हणून मोजलं होतं.

पैशाचं. परवा एक लाख वीस हजार बाबांच्या खात्यात टाकले. त्यातून हॉल, गुरुजी, जेवण आणि वह्या. उरले तर माडीवरचा स्लॅब गळतो तो पावसाळ्याआधी करून घ्या. बाबांनी एफडी मोडायची नाही, त्यांना माझी शपथ घाल. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे चारच हप्ते राहिले आहेत, मार्चमध्ये संपतील, मग दर महिन्याला थोडं जास्त पाठवता येईल. मी पोट मारून पाठवते असं समजू नकोस. घरभाडं कंपनी निम्मं देते.

आणि पुण्याच्या स्थळाचं. आत्यानं फोटो पाठवला, पत्रिका जुळते म्हणाली. मुलगा चांगला असेल, मी नाही कुठे म्हणते? पण त्यांच्या घरून पहिलाच प्रश्न आला की नोकरी सोडून परत येणार का, आणि तू त्यांना परस्पर "हो, येईल" असं सांगून टाकलंस, हे मला आत्याकडून कळलं. आई, असं नको होतं सांगायला. मला रागवायचं नाही. तुझ्या मनात काय येतं ते मला कळतं, तीन वर्षं झाली, आणि घरात आता तुम्ही दोघं, बाळ्या आणि आप्पा. पण मी काय ठरवलंय ते मलाच अजून माहीत नाही. इथलं काम मला आवडतं. सकाळी खाली उतरले की त्या आजी खिडकीतून हात करतात, ते आवडतं. आणि रोज रात्री तुमच्याशी बोलून फोन ठेवला की मी दिवा न लावता थोडा वेळ तशीच बसते, तेही खरं आहे. त्या मुलाला जूनमध्ये भेटेन. एकदा, घरी नाही, बाहेर, आणि मी स्वतः बोलेन. तोवर शब्द देऊ नका. तेवढं माझ्यासाठी कर.

आप्पांना माझा साष्टांग नमस्कार सांग, पण पत्राचं सांगू नकोस. बाबांना सा. न. बाळ्याला आशीर्वाद, अभ्यास कर म्हणावं. शेजारच्या काकूंना फराळाची करंजी पोचली म्हणून सांग.

तुझी,
चिमी

ता. क. शाईची बाटली इथल्या एका चिंचवडच्या मैत्रिणीबरोबर येते आहे, ती २ डिसेंबरला पोचेल, बाळ्यानं जाऊन आणायची. रविवारी पहाटे आप्पा आंघोळीला गेले की बाळ्यानं त्यांचं पेन कोमट पाण्यानं धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि पूर्ण वाळवायचं. जुनी निळी आत राहिली तर हा रंग दिसणार नाही. वर कागद गुंडाळलेला आहे, माझ्याच हातचा आहे, एक कोपरा वाकडा गेलाय. दोऱ्याला सुरगाठ मारली आहे. ती कात्रीनं कापू नका, ओढली की सुटते.